महदीपूरच्या पलीकडे

मालदा, पश्चिम बंगाल
१४ डिसेंबर २०२३

ती. रंगनाथदादांस,
भीमराजचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी आवाज चढवला, तुम्हीही चढवलात, आणि दोघांनी एकदमच फोन ठेवला. म्हणून लॉजवाल्याकडून चार कागद मागून घेऊन लिहायला बसलोय. यापुढं महत्त्वाचं काही असलं तर आपण लिहूनच कळवू. फोनवर आपल्या दोघांच्या तोंडून आपले वडील बोलायला लागतात.

आपले तीन ट्रक पारनेरहून चार तारखेला निघाले तेव्हा व्यापार चालू होता. नऊला सकाळी आम्ही इथं महदीपूरला सीमेच्या फाटकाशी पोचलो, तर कांद्याच्या निर्यातबंदीचा हुकूम आदल्या दिवशीच निघालेला. ज्यांचा माल कस्टमकडे आधीच नोंदला गेला होता ते पलीकडे गेले. आम्ही एका दिवसानं चुकलो. आज सहावा दिवस. लाल कांदा किती टिकतो हे तुम्हाला सांगायला नको, लहानपणी तुम्हीही निवडलाय. ताडपत्री उचलली की गरम वाफ तोंडावर येते. खालच्या गोण्या पाझरायला लागल्यात.

मोतालेब सोमवारी अलीकडं आला होता. बांगलादेशातला आपला माल घेणारा, फाटकापलीकडच्या सोनामसजिदचा. तुम्ही त्याला आमच्या रुपालीच्या लग्नात पाहिलंय. त्याच्याकडं व्यापाराचा व्हिसा आहे, त्यामुळं त्याला येता येतं. कांद्याला जाता येत नाही. मी ट्रकशेजारी चूल मांडलीय हे कळल्यावर तो घरून डबा घेऊन आला. भात, डाळ आणि मासा. मला काटे काढता येईनात, तर त्यानं स्वतः निवडून दिले आणि वर सगळ्या ड्रायव्हरांना सांगत सुटला की या माणसाला दोन एकर कांदा पिकवता येतो, पण एक मासा खाता येत नाही. मग शर्ट काढून आमच्याबरोबर खराब गोण्या उपसायला लागला. माल अजून त्याचा झालेलाही नव्हता.

दादा, २०१८ च्या जत्रेला तुम्ही गावी आला होता. देवळापुढं बेचाळीस घरं बसली होती. लंकाबाईंनी उभं राहून विचारलं होतं की उद्या सीमाच बंद झाली तर आम्ही काय करायचं. तुम्ही सांगितलंत की सार्कच्या आठ देशांनी मिळून सह्या केल्यात, आता कुणा एकाला मनात आलं म्हणून दार लावता येत नाही. मी त्यांच्याच काठमांडूतल्या व्यापार केंद्रात बसून हेच काम करतो, असंही म्हणालात. त्या शब्दावर आम्ही गट केला, मोतालेबशी बोलणं केलं, त्याला हवा तसा बारीक, गडद कांदा लावायला लागलो. २०२० ला बंदी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, साथीचं वर्ष आहे, अपवाद आहे. आता काय म्हणता?

या ट्रकांत लंकाबाईंचाही कांदा आहे. मला गावी जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचंय. म्हणून एकच विचारतो, सरळ सांगा. असं होऊ शकतं हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?

वहिनींना नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नका.

आपला,
भीमराज


काठमांडू
११ जानेवारी २०२४

चि. भीमराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू तो माल मालद्यातच मिळेल त्या भावाला देऊन परत आलास हे रुपालीकडून कळलं. वाईट वाटलं, हे लिहिणं अपुरं आहे, पण दुसरं काय लिहू? तुझी जयावहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या मते फोन मी आधी आपटला.

तुला चिडण्याचा हक्क आहे. पण थोडं लांबून बघ. युरोपातल्या देशांनी शेकडो वर्षं एकमेकांची गावं जाळली. मग आधी नुसता कोळसा आणि पोलाद एकत्र करायचं ठरवलं, आणि तिथून एक चलन, एक बाजार व्हायला पन्नास वर्षं लागली. त्यातूनही एक मोठा देश परवा उठून बाहेर पडलाच. आपल्याकडं तर सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेलीच नाही. आमचं व्यापार अभ्यास केंद्र त्याच कामासाठी निघालं, त्यामुळं आमचं काय चाललं असेल ते तूच समज. अहवाल लिहितो, छापतो, आठही देशांना पाठवतो. पोच येते. चहा मात्र अगदी वेळेवर होतो. आठ देशांच्या खुर्च्या आहेत, त्यांची धूळ रोज पुसली जाते.

तरीही मला वाटतं, हे आज ना उद्या होईलच. नकाशात शेजार बदलता येत नाही. बांगलादेशाला कांदा लागतो, तुझ्याकडं कांदा आहे. राजकारण मधे कितीही आलं तरी पोटाची गरज वाट काढते. गट मोडू नका. बंदी उठेल.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर प्रत्यक्ष भेटीत बोलू. कागदावर अशा गोष्टी नीट मांडता येत नाहीत.

घरी मालनबाईंना सांग, त्यांनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी केंद्रातल्या नेपाळी शिपायानं अर्धी संपवली आणि अजून मागतो आहे. रुपालीच्या छोटीला पापा.

तुझी आठवण रोज असते. तूही ठेव.

तुझा,
दादा


जांभूळवाडी, ता. पारनेर
८ ऑक्टोबर २०२४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, सगळं व्यवस्थित कागदावर पाठव. म्हणून नगरला येऊन हे कुरिअरनं पाठवतोय. सोबत मोतालेबच्या तपासण्यांच्या झेरॉक्स आहेत.

आधी इकडचं. मे महिन्यात बंदी उठली तशी ट्रक पुन्हा सुरू झाले, पण गटात आता सतराच घरं राहिलीत. लंकाबाईंनी ज्वारी केली. मला दोष देत नाहीत, चहाला बोलावतात. तेच जास्त लागतं.

ऑगस्टमध्ये तिकडं सरकार पडलं तेव्हा मोतालेबची आडत बारा दिवस बंद होती. फोन लागला तेव्हा त्याचा आवाज घोगरा येत होता. मी चेष्टा केली, घोषणा द्यायला गेला होतास का. त्याचा आवाज जुलैपासूनच बसलाय. आता राजशाहीच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासला. घशाच्या आत, आवाजाच्या जागी, कॅन्सर आहे. लहान आहे, वेळेत आहे म्हणाले. पण तिकडं शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या मशिनीला चार-पाच महिन्यांची रांग. रुपालीनं हे कागद नगरला तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवले. नर्स असल्यामुळं तिला कुणाला विचारायचं ते कळतं. त्यांनी सांगितलं, पुण्याला आणा, दीड-दोन महिने शेक देतील, बहुतेक बरा होईल आणि आवाजही राहील. शेकाच्या दिवसांत पुण्यातच दवाखान्याच्या धर्मशाळेत राहील, बाकी राहण्याचा प्रश्न नाही, रुपाली नगरला तुमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये आहेच, एक खोली रिकामी आहे.

अडलंय ते व्हिसाला. ऑगस्टपासून फक्त अगदी तातडीच्या आजाऱ्यांना मोजके व्हिसा मिळताहेत. त्याची मुलगी रोज अर्ज भरायला बसते, तारीखच मिळत नाही. त्याचा व्यापाराचा व्हिसा संपला.

तुम्ही मागं सांगितलं होतं की ढाक्याच्या आपल्या वकिलातीत तुमचा एक जुना सहकारी आहे, काठमांडूत असताना तुमच्याकडं जेवायला यायचा. त्याला केंद्राच्या कागदावर एक पत्र लिहा. दोन ओळी. या माणसाला मी ओळखतो, आजार खरा आहे, एवढंच. बाकी कागद आम्ही देऊ.

मोतालेबनं मला हे मागायला सांगितलेलं नाही. तो मागणारा नाही. मीच मागतोय. आजवर तुमच्याकडं काही मागितलं नाही, हे लक्षात असू द्या.

वहिनींना नमस्कार. तुमच्या उत्तराची वाट पाहतोय.

आपला,
भीमराज


काठमांडू
२ नोव्हेंबर २०२४

चि. भीमराज यास,
दिवाळीचे अनेक आशीर्वाद.

कागद मिळाले. मोतालेबच्या आजाराचं वाचून काळजी वाटली.

तुझ्या विनंतीवर मी बराच विचार केला. केंद्राच्या कागदावर खाजगी कामासाठी पत्र लिहायला मला नियमानं परवानगी नाही. दुसरं, सध्या त्या देशाशी संबंध नाजूक आहेत. इथल्या कुणी बांगलादेशी व्यापाऱ्याची शिफारस केली, तर ते पत्र कुठल्या टेबलावर कुठल्या नजरेनं वाचलं जाईल, सांगता येत नाही. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. सत्तावीस वर्षांत माझ्या फाइलवर एक शेरा नाही.

त्या सहकाऱ्याशी तोंडी कधी बोलणं झालं तर विषय काढीन. तोवर त्याच्या मुलीनं रीतसर अर्ज करत राहावा. आजार खरा असेल तर मार्ग निघतो. यंत्रणा हळू असते, पण निर्दय नसते.

तू समजून घेशील अशी खात्री आहे. जयानं मालनबाईंसाठी पश्मिना घेतली आहे, कुणी येणारं भेटलं की पाठवतो.

लोभ होता तसाच राहू दे.

तुझा,
दादा


जांभूळवाडी
२० जानेवारी २०२५

दादांना आन जयाबाईंना मालनचा पाया पडून नमस्कार.

मी सातवी शिकलेली. चुकलं माकलं संबाळून घ्या. ह्यांना म्हाईत न्हाई मी लिवतीया ते.

तुमचं दिवाळीचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी केली आन खिशात घातलं. मला वाचून दाखवलं न्हाई. मी धुन्याच्या टायमाला काढून वाचलं. तवापासनं ह्ये तुमचं नाव काढत न्हाईत. रागवत बी न्हाईत. रागवले असते तर बरं हुतं.

दादा, त्यो मानूस आमच्या रुपालीच्या लग्नात आठ दिस राहिला. वरातीत नाचला, मग पंगतीत मठ्ठा वाढायला उभा राहिला. बायकांनी इचारलं ह्यो कोन, तर सांगायचा, कांदेवाला. हिवरे बाजारला ह्ये त्याला घेऊन गेल्ते तर म्हनला, आमच्यात इतकं पानी हाय की नको झालंय, आन तुमी लोकं थेंब थेंब मोजून त्यावर गाव उभं करता. जाताना माझ्या पाया पडला. माझ्यापेक्षा थोरला हाय त्यो.

आता फोन आला की त्याचा आवाज निस्ता फुसफुस येतो. ह्ये त्याला सांगतात की बोलू नगंस. त्यो बोलतोच. पोरगी मागनं रडती ते बी ऐकू येतं. अजून तारीख न्हाई. तिकडं बी शेकाचा लंबर लागला न्हाई.

तुमी नियम लिवला. मला नियम कळत न्हाई. पन मी रोज इचार करती की त्यो जर आपल्या घरचा कुनी असता, आपला भावकीतला, तर तुमी दोन वळी लिवल्या नसत्या का? तुमी गावाला सांगितलंत की आठ देश म्हंजे एक घर. मंग त्यो कोन?

लई बोलले. पोटात ठेवलं असतं तर तुमच्यासमोर नीट उभं ऱ्हाता आलं नसतं म्हनून लिवलं.

जयाबाईंना सांगा पायाला तीळतेल लावा, थंडीचं दुखतं.

तुमची,
मालन


काठमांडू
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. मालनबाई यांस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी ढाक्याला पत्र लिहिलं. केंद्राच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. पाच दिवसांत उत्तर आलं. काल मोतालेबला व्हिसा मिळाला. भीमराजला सांगा, त्यानं फाटकापर्यंत घ्यायला जावं. औषधोपचाराला काही कमी पडू देऊ नका.



रंगनाथ


सावेडी, अहिल्यानगर
२७ एप्रिल २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमच्याच फ्लॅटमध्ये बसून लिहितोय. मोतालेब काल परत गेला.

सहा मार्चला मी महदीपूरला गेलो. ज्या फाटकातून आपला कांदा गेला नव्हता, त्यातून तो एक पिशवी घेऊन चालत आला. निम्मा झालाय. मालद्याहून कोलकाता, तिथून रेल्वेनं नगर. सगळ्या वाटेनं बोलत होता. तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागत होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं पाहिलं. रुपाली आत होती, तिनं मला बाहेर येऊन सांगितलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आला असता तर नुसत्या शेकावर भागलं असतं. आता पसरलंय. जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल, आणि श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. मी रुपालीला म्हटलं, त्याला या वाया गेलेल्या महिन्यांचं काही सांगू नकोस. तिनं सांगितलं नाही. पण त्याला हिशोब येतो दादा, तो व्यापारी आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दिवसभर बोलला. बायकोशी बोलला, मुलीशी, नातवंडांना एकेकाला नावानं हाक मारून घेतली. मग माझ्याशी आपल्या मोडक्या हिंदीत भावाचं बोलत बसला, यंदा नाशिकला किती, पाकिस्तानचा कांदा जहाजानं येतो म्हणतात तो खरंच येतो का. मालननं कधी नव्हे ती त्याला सक्त ताकीद दिली की जरा गप्प बसा. तो म्हणाला, उद्यापासून कायमचाच बसणार आहे. आणि हसला. सकाळी स्ट्रेचरवरून नेताना वॉर्डबॉयला विचारलं, आत चहा मिळतो का? मी ऐकलेलं त्याचं ते शेवटचं बोलणं.

जाताना तब्येत चांगली होती. वाढलं तेवढं जेवायचा, फिरायचा. पाटीवर बंगालीत लिहायचा, ते मला वाचता येत नव्हतं. मी मराठीत लिहायचो, ते त्याला येत नव्हतं. त्याच्या मुलीला फोटो पाठवला की ती तिकडून हिंदीत सांगायची. आमचं दोन मिनिटांचं बोलणं सोनामसजिदच्या वाटेनं फिरून यायचं.

तुम्ही पत्र लिहिलंत त्याबद्दल आभार मानायला हवेत, म्हणून मानतो. 

वहिनींना नमस्कार.

भीमराज


काठमांडू
६ जुलै २०२५

प्रिय भीमराज,
अनेक आशीर्वाद.

तीस जूनला मी निवृत्त झालो. हार घातला, शाल दिली. संचालकांनी भाषणात सांगितलं की दक्षिण आशिया जवळ आणण्यासाठी यांनी आयुष्य वेचलं. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत बसलो होतो.

तू दीड वर्षापूर्वी एक प्रश्न विचारला होतास. उत्तर देतो. हो. मला माहीत होतं.

२०१७ मध्ये शेतमालाच्या व्यापारावर आमच्या केंद्राचा एक मोठा अहवाल झाला. मसुदा माझा होता. त्यात मी लिहिलं होतं की शेतमालावर बंदी घालायची असेल तर देशांनी निदान एक महिना आधी कळवावं, आणि जो माल वाटेत निघाला आहे तो अडवू नये. कारण आजच्या करारांत धान्य-भाजीची निर्यात कुणीही हवी तेव्हा थांबवू शकतो. बैठकीच्या आधी मला सुचवण्यात आलं की या परिच्छेदानं एक-दोन देश बिथरतील, अहवाल एकमतानं जावा असं पाहा. कुणी हुकूम दिला नाही. पेन माझ्याच हातात होतं. मी तो परिच्छेद काढून टाकला. अहवाल एकमतानं मंजूर झाला आणि माझं कौतुक झालं.

तो राहिला असता तरी देशांनी ऐकलं असतं असं मी म्हणत नाही. बहुधा कपाटातच गेला असता. पण त्यानंतर दहा-अकरा महिन्यांनी मी आपल्या देवळापुढं उभा राहिलो, लंकाबाईंनी नेमकं तेच विचारलं, आणि मी सांगितलं की दार लावता येत नाही. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही रे. गावात इतकी माणसं माझं काम काय हे पहिल्यांदा ऐकत होती. मला ते काम पूर्ण झालेलं दाखवायचं होतं.

आणि दुसरं. फेब्रुवारीत ढाक्याहून जे उत्तर आलं, त्यात शेवटी त्या सहकाऱ्यानं लिहिलं होतं: हे ऑक्टोबरातच का नाही कळवलंस, मी इथंच होतो. माझ्या पत्राबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. शेरा आला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याला मी चार महिने भीत होतो ते असं काही नव्हतंच.

मी नेहमी मांडत आलो की सरकारं राजी झाली की लोक आपोआप जवळ येतील. सरकारं राजी होईनात म्हणून आम्ही थांबून राहिलो, आणि थांबण्यालाच काम म्हणू लागलो. तू आणि मोतालेब मात्र आमच्या कुणाच्या परवानगीशिवाय ते करून बसला होता. तुम्हाला माझ्याकडून दोनदाच काही लागलं. दोन्ही वेळा मी माझी फाइल स्वच्छ ठेवली. पुढची पिढी हे जुळवेल की नाही, मला आता सांगता येत नाही. पूर्वी मी यावर तासभर बोललो असतो.

मी गावी येईन. ग्रामसभेत उभा राहून हे सगळं सांगीन. लंकाबाईंची माफी मागीन. तू म्हणशील तेव्हा येतो. येऊ का?

या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं तरच दे.

तुझा,
रंगनाथ


जांभूळवाडी, ता. पारनेर
२५ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस व वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा उत्तर लिहायला बसलो होतो, तीन वेळा. फाडलं. सप्टेंबरात तुमच्याकडं जाळपोळ झाली तेव्हा मालननं दिवसभर फोन लावला, लागेना. संध्याकाळी वहिनींचा आवाज आला तेव्हा कुठं तिनं चहा ठेवला. मीही शेजारी होतो. बोललो नाही, पण होतो. एवढं तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.

ग्रामसभेचं म्हणाल, तर नका. मी लंकाबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, मला तवाच वाटलं हुतं, पन मानूस इतका खुशीत सांगत हुता की परत इचारवंना. एवढंच बोलून त्या गुरांकडं गेल्या. गट दिवाळीत मोडला. उरलेल्या सतरांपैकी काहींनी डाळिंब धरलंय, कुणी डेअरीला लागलंय. ग्रामसभेत आता पाण्याच्या टाकीचे विषय आहेत. तुम्ही उभे राहिलात तर लोक मान देतील, ऐकून घेतील आणि घरी जातील. त्यानं तुम्हालाच बरं वाटेल, दुसऱ्या कुणाला नाही. हे कडू लिहिलं, पण खरं आहे.

मोतालेबला मात्र मी सांगितलं. ऑक्टोबरचं, तुमच्या नकाराचं, पाच दिवसांत आलेल्या उत्तराचं, सगळं. आठ दिवस मनात घोळत होतं. माझ्याजवळ ठेवून त्याच्याशी हसणं मला जमेना. त्याच्या मुलीला हिंदीत बोलून पाठवलं, तिनं त्याला बंगालीत सांगितलं. नंतर तीन आठवडे त्याचा फोन नाही. एरवी दर गुरुवारी व्हिडिओ कॉल असायचा. मी केला तर मुलगी म्हणायची, अब्बा बाजारात गेलेत.

गेल्या गुरुवारी त्याचाच आला. एकटा होता, आडतीत. यंदा त्यांच्याच सरकारनं आपल्या कांद्याचे परवाने थांबवलेत, त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. पूर्वी आपण दार लावायचो, आता ते लावतात. त्यानं फोन फिरवून मला त्यांच्याकडचा कांदा दाखवला. बारीक, फिकट. दोन बोटांत धरून नाक मुरडलं. मी हसलो. मग मी आपली कांदाचाळ दाखवली, उन्हाळी कांदा अजून तसाच भरलेला, निम्मा काळा पडलेला. त्यानं कपाळावर हात मारला. असा पाच-सात मिनिटं आमचा व्यापार झाला. एकही गोणी हलली नाही.

शेवटी मी तुमचं नाव घेतलं. म्हटलं, रंगनाथदादा गावी यायचं म्हणतात.  त्यानं उजवा हात वर केला, पंजा माझ्याकडं, छातीच्या थोडा वर. तसाच धरला आणि फोन बंद केला.

मालन माझ्यामागं उभी होती. ती म्हणते, नमस्कार सांगितला. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं तो म्हणाला, पुरे. दोन दिवस आम्ही दोघं घरात तसा हात करून एकमेकांना दाखवतोय आणि भांडतोय. मुलीला विचारता आलं असतं, पण मी विचारलेलं नाही. ते मी विचारायचं नाही, तुम्ही विचारायचं असं वाटतं.

म्हणून तुम्ही या. ग्रामसभेसाठी नको, घरी या. माळवदावरची खोली मालननं झाडून ठेवलीय, वहिनींना जिना जमत नसेल तर खाली झोपू. गुरुवारी त्याचा फोन येईल तेव्हा माझ्याशेजारी बसा. त्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

आपला धाकटा,
भीमराज